ओल्या वाळूचा आकडा

नाना, दोन आठवडे तुमचं कार्ड आलं नाही आणि मला हायसं वाटलं. आधी हे सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचं धैर्य राहील की नाही याची खात्री नाही. मला वाटलं, कंटाळला असेल म्हातारा एकदाचा. तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं ते तुमच्या जावयाच्या अक्षरात. तापाने पडून होते, बुधवारी सकाळी गेले, जलदान विधी रविवारी आहे, जमल्यास यावे. त्या ‘जमल्यास’वर मी किती वेळ बसून राहिलो कोण जाणे. बायकोने दोनदा चहा गरम करून आणला आणि दोनदा परत नेला.

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, असं सगळं लिहितात. तुमच्याविषयी ते लिहायला बसलो तर चार ओळींत आटपेल, आणि त्यातलं एकही वाक्य तुम्हाला पटणार नाही. तुम्ही कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायच्या आधी तिचा नमुना मागणारे. म्हणून नमुनेच काढतो, जसे हाताला लागतील तसे.

त्या धरणावर मी हजर झालो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. जळगावच्या मारवाडी दुकानदाराचा मुलगा, नवाकोरा कनिष्ठ अभियंता, डोक्यावर नवीकोरी टोपी. दुष्काळाचं साल होतं. धुळ्याच्या पलीकडे, सोनगीरच्या बाजूला, एका नाल्यावर मातीचं धरण बांधायचं काम चाललं होतं आणि भरावावर पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांची रीघ दिवसभर तुटत नव्हती. तुम्ही माती तपासायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहायक. वयाने माझ्या वडिलांएवढे. पहिल्याच दिवशी छाप पाडावी म्हणून मी ढिगातली काळी माती मुठीत दाबली, बोटं उघडून गोळा बघितला आणि म्हणालो, ओलावा बरोबर आहे. आमचे सर असंच करायचे. माझ्या हातातला गोळा घेतलात, तोललात, स्टोव्हवर कढई ठेवून भाजलात, पुन्हा तोललात. मी सपशेल चुकलो होतो. मग म्हणालात, “हातले काय समजस, भाऊ? तराजूले समजस.” आणि पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होतात की दुकानदाराचा मुलगा आहे, पण अंदाजे तोलतो.

लोक म्हणतात, जुन्या माणसांच्या हाताला माती कळायची. तुम्हाला हे वाक्य ऐकलं की राग यायचा. तीस वर्षं मातीत हात घालून तुम्हाला एकच गोष्ट कळली होती, की हात खोटं बोलतो, आणि ज्याचा हात असतो त्याला खूश करायलाच बोलतो.

तुम्ही मला जे शिकवलंत ते पुस्तकात होतंच. दाबून झालेल्या थरात टोपलीएवढा खड्डा खणायचा. निघालेली सगळी माती, कणही न सांडता, तोलायची. खड्डा नेमका केवढा हे कळायला त्यात नळकांड्यातून बारीक, कोरडी वाळू सोडायची. किती वाळू गेली त्यावरून खड्ड्याचं माप आणि त्या मापावरून माती किती घट्ट बसली त्याचा आकडा. एवढंच. पण खड्डा कुठे खणायचा हे पुस्तकात नव्हतं. सुरुवातीला तुम्ही सकाळी भरावावर जिथे सामानाची पेटी ठेवायचात त्याच्या आसपास खणायचात. रोलर चालवणारा हुशार. त्याने ते हेरलं. तुमची पेटी टेकली रे टेकली की तो तिथे चार फेऱ्या जास्त मारायचा. आठवडाभर आकडे इतके सुंदर आले की मी खूश आणि तुम्ही बेचैन. सरकारी काम एवढं चांगलं होत नाही, म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून पेटी शेडमध्येच राहिली. तुम्ही भरावावर जायचात, पाठमोरे उभे राहायचात आणि पायातली चप्पल डोक्यावरून मागे भिरकावायचात. ती पडेल तिथे खड्डा. एकदा ती एका बाईच्या डोक्यावरच्या पाटीत पडली. तिने पाटी आणि चप्पल दोन्ही भरावावर आपटल्या आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळा भराव हसत होता. तुम्ही गंभीर चेहऱ्याने त्याच जागी बसून खणायला लागलात.

हे आठवलं की मला अजून हसू येतं. मग पुढचं आठवतं आणि हसू तिथेच थांबतं.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. दोन्हीकडचा भराव वर आला होता आणि मधली नाल्याची वाट तेवढी बुजवायची राहिली होती. घळभरणी. पाऊस यायच्या आत ती झाली नाही तर वर्षभराचं काम वाहून जाणार, हे प्रत्येकाला माहीत. नेमकं तेव्हाच तुमच्या लेकीला, सुमनअक्काला, बाळंतपणासाठी धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तुम्ही दोन दिवसांची रजा घेतलीत. रजेचा अर्ज माझ्याकडे देताना तुम्हीच कचरत होतात. मी म्हटलं, नाना, बिनधास्त जा, मी आहे ना. खरं तर मला तुम्ही नकोच होतात ते दोन दिवस. एकट्याने तपासणी करून दाखवायची माझी फार दिवसांची हौस होती.

वाळूचं पोतं तुम्ही शेडमध्ये फळीवर ठेवायचात. मी ते सोबत नेलं आणि भरावावर, थरावरच टाकलं. टँकरवाला तासापूर्वीच त्या थरावर पाणी मारून गेला होता. तागाचं पोतं खालून ओल पीत राहिलं आणि मी रोलरवाल्याशी हुज्जत घालत राहिलो. ओल्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, मोकळे पडत नाहीत. मग खड्ड्यात वाळू कमी जाते, खड्डा आहे त्याहून लहान भासतो आणि माती आहे त्याहून घट्ट दिसते. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी आकडा आला तो झकास. मी तो वहीत लिहिला, सही केली. संध्याकाळी मोठे साहेब आले, त्यांनी वही पाहिली आणि माझी पाठ थोपटली. थर पास झाला.

तुम्ही परत आलात ते नातीचे पेढे घेऊन. पेढा माझ्या हातावर ठेवलात आणि पोतं उचलायला गेलात. ते नेहमीपेक्षा जड लागलं तुम्हाला. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पोत्याच्या बुडाची वाळू कढईत घेतलीत, तोललीत, भाजलीत, पुन्हा तोललीत. काटा मला दाखवलात. मग हळू आवाजात म्हणालात, “भाऊ, परवानी रेती वल्ली व्हती.”

तोपर्यंत त्या थरावर आणखी दोन थर चढले होते. ते खरवडून पुन्हा खाली जायचं म्हणजे तीन-चार दिवस गेले. आपण तीन दिवस भांडलो, आठवतं? मी वेळेचं कारण सांगत राहिलो. ते कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण म्हणजे ती सही आणि ती पाठ थोपटणं. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या धरणात एका ठिकाणच्या एका थराने काय होतंय? तुम्ही म्हणालात, “पानीले एकच जागा लागस.” मग मी चिडून म्हटलं, एवढी खात्री आहे तर तुम्हीच द्या वरती लिहून. तुम्ही मान हलवलीत. “मी लिखस नही. आकडा तुमना शे, तुम्हीच लिखा.”

आणि त्यावर मी जे बोललो ते, नाना, मला परत घ्यायचं होतं. त्याच संध्याकाळी घ्यायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही सहायक आहात, सहायकासारखं राहा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, स्टोव्ह विझवलात आणि “बरं साहेब” म्हणालात. त्या दिवसापासून मला कधी भाऊ म्हटलं नाहीत. मी वाट पाहत होतो. माणूस रागावतो, चार दिवसांनी निवळतो, असं मी धरून चाललो. तुम्ही रागावलेले नव्हतातच. तुम्ही फक्त मी सांगितलं तसं वागत होतात, आणि तुम्ही काम करायचात तसंच तेही चोख केलंत.

घळ भरली. पाऊस चांगला झाला, धरण भरलं, हार घातले गेले. माझी जळगावला बदली झाली, तुम्ही निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेलात. लेकीचं गाव धरणाच्या खाली, नाल्याच्या काठावरच. तुम्हाला स्वतःचं घर होतं, मग लेकीकडे का गेलात, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस विचारत नाही.

त्याच पावसाळ्यात तुमचं पहिलं कार्ड आलं. धरणाच्या पायथ्याशी, जुन्या नाल्याच्या जागी, ओल दिसते आहे. पाणी झिरपते आहे. पण पाणी निवळ आहे. कळावे. मी समजलो. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते पाणी निवळ आहे तोवर ते नुसतं पाणी असतं. ते गढूळ झालं की समजायचं, आतली माती त्याच्याबरोबर निघाली. मग वेळ फार नसतो. तुम्ही हे मला लिहिलं नाहीत, कारण मला हे कळतं यावर तुमचा विश्वास होता.

मग दर आठवड्याला कार्ड. माननीय साहेब, पाणी निवळ आहे. कळावे. तीन पावसाळे, त्यांच्यामागचे हिवाळे आणि आता हा चौथा पावसाळा, धरणात पाणी आहे तोवर कार्ड. मी एकालाही उत्तर दिलं नाही. सुरुवातीला कार्ड आलं की मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. मग सवय झाली. मग, खोटं कशाला बोलू, वैताग यायला लागला. बायकोने विचारलं हे कोण, तर मी म्हटलं, जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ आहेत, जरा विक्षिप्त आहेत. तुमच्या प्रत्येक कार्डात एकच प्रश्न होता आणि तुम्ही तो एकदाही लिहिला नाहीत: लिहिलं का? मी ते दोन शब्द वाचायचो आणि कार्ड खणात टाकायचो.

रविवारी आलो. एस.टी. फाट्यावर उतरून चालत गावात आलो तर तुमच्या दारात माणसं मोजकीच. वस्तीतली होती, तुमच्या जुन्या गावाकडची होती. गावातलं जवळजवळ कोणी नव्हतं. मला नवल वाटलं. तुमच्यासारख्या माणसाला तीन वर्षांत गावाने ओळखलं नसेल हे पटेना. विधी झाला, लोक पांगले, आणि सुमनअक्काने मला आत बोलावलं. फळीवर औषधाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत पाणी आणि प्रत्येकीवर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी, तुमच्या अक्षरातली तारीख. दर रविवारी धरणाच्या पायथ्याशी जाऊन तुम्ही ते झिरपणारं पाणी भरून आणत होतात. फळी भरली की सगळ्यात जुन्या ओतून द्यायचात, अक्का म्हणाली.

शेवटची बाटली मी हातात घेतली. ताप येण्याच्या आदल्या दिवसाची तारीख. बुडाशी नखाएवढा गाळ होता. नाना, तो गाळ कुठला? धरणाच्या पोटातला, की ताप यायच्या बेतात होता म्हणून हात डगमगला आणि काठावरचा चिखल आत आला? तुम्ही असतात तर एका वाक्यात सांगितलं असतंत. अक्काला मी तीन-तीनदा विचारलं, काही बोलले होते का, चेहरा कसा होता, कार्ड लिहायला मागितलं होतं का. तिला काही सांगता येईना. ती म्हणाली, तापात एकदा उठून बसले होते, कुठे जायचं आहे म्हणत होते, आम्ही धरून झोपवलं.

मग मला राहवलं नाही. उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. पोतं कुठे ठेवलं, आकडा कुणी लिहिला, तुम्हाला काय बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नाना तर बठ्ठासले सांगेत, चूक मनी शे.” सगळ्यांना सांगायचे, की चूक माझी आहे.

पहिल्या पावसाळ्यात ओल दिसली तेव्हा तुम्ही गावाला सांगायला गेला होतात की लक्ष ठेवा, पाणी गढूळ दिसलं तर पोराबाळांना घेऊन वरच्या टेकाडावर जा. लोकांनी विचारलं, तुला कसं ठाऊक? तुम्ही म्हणालात, तपासणी माझी होती, माझ्या हातून चुकली. गावाने लगेच विश्वास ठेवला. माझं नाव घेतलं असतंत तर एवढा लगेच ठेवला नसता. तेव्हापासून गिरणीवर, पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, की यांना नोकऱ्या दिल्या की दुसरं काय व्हायचं. काहींनी रामराम घालणं सोडलं. अक्काला मुलगी घेऊन सगळ्यांत शेवटी पाणी भरावं लागलं. तीन वर्षं. आणि तुम्ही मला लिहीत होतात, पाणी निवळ आहे, कळावे.

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं? मी रडलो, नाना, तुमच्या लेकीसमोर, आणि रडतानाही मला लाज वाटत होती की आता हिनेच मला पाणी द्यायचं की काय. तिने दिलंच. मग शेवटची बाटली माझ्या हातातून काढून जागेवर ठेवली आणि विचारलं, “मंग आते पानी कोन दखी?”

सोमवारी मी लिहिलं. तीन वर्षं जे जमलं नाही ते चार ओळींचं निघालं. अमुक ठिकाणचा अमुक थर मी तपासला, वाळू ओली होती, आकडा चुकीचा आहे, धरणातली पातळी तातडीने उतरवून जागा तपासावी, चूक सर्वस्वी माझी. वरच्या साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, तीन वर्षांनी? मग समजावून सांगितलं की झिरपा प्रमाणात आहे, धरण आत्ताच भरलंय, दुष्काळ पाहिलेल्या लोकांना पाणी सोडून द्या म्हणून कोण सांगणार, पावसाळ्यानंतर बघू. कागद परत घ्या, नोकरीचा विचार करा. मी घेतला नाही. आवक क्रमांक टाकून मागितला आणि बाहेर आलो. आज चौदा दिवस झाले. काही हललेलं नाही. पाऊस अजून दीड महिना तरी आहे.

गावातही सांगितलं. पुढच्या रविवारी गिरणीपुढे जेवढे जमले तेवढ्यांना, तुमचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. त्यांनी शांतपणे ऐकलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, साहेब, मेलेल्या माणसाची चूक कोण अंगावर घेतं आजकाल, तुमचं मन मोठं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी ओरडलो, शपथा घातल्या. जितका ओरडलो तितका त्यांच्या नजरेत मी मोठा होत गेलो. तुमच्यावरचा तो डाग मला पुसता येत नाही, नाना. मी हात लावला की तो आणखी पक्का होतो. आणि टेकाडावर जायचं मात्र कोणी ऐकलं नाही. एवढं भलं बोलणाऱ्या साहेबाने बांधलेलं धरण, ते कसं फुटेल, असं त्यांचं म्हणणं. अक्कालाही मी म्हटलं, मुलीला घेऊन जुन्या घरी जा. ती म्हणाली, आम्ही गेलो तर बाकीच्यांना हाक कोण मारणार, नाना याचसाठी इथे येऊन राहिले होते का?

मी तुमचे आभार मानायला बसलो होतो. तराजूचे, चपलेचे, त्या तीन दिवसांच्या भांडणाचे. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नाही, की हा माणूस कधी ना कधी स्वतःच्या हाताने लिहील. वडिलांनीसुद्धा नाही. तो विश्वास खरा ठरला, फक्त तुमच्या जलदान विधीनंतर.

काल पुन्हा रविवार होता. अक्काने एक रिकामी बाटली धुऊन दिली. पायथ्याशी गेलो. जुन्या नाल्याच्या जागी गवत हिरवंगार आहे आणि तुमच्या बसण्याने एका दगडाभोवती गवत झिजलंय. वाकून बाटली भरली, उन्हात धरली. इतक्यांदा उलटसुलट फिरवून पाहिली की आतलं पाणी ढवळतच राहिलं. गढूळ म्हणावं तर तसं, निवळ म्हणावं तर तसं. मग दगडावर ठेवली आणि शेजारी बसलो. गाळ असेल तर तो खाली बसायला वेळ द्यावा लागतो, एवढं मला कळतं. पण किती वेळ, नाना? तुम्ही किती वेळ थांबायचात, हे मी कधी विचारलंच नाही.